‘होतकरू, गरजू व आज्ञाधारक’: मार्गदर्शकाकडे शिफारसपत्र मागताना

संशोधन संपवून नोकरीच्या शोधात निघालेल्या विद्यार्थ्याला जी कागदपत्रे गोळा करावी लागतात, त्यांतील बहुतेक विद्यापीठाच्या खिडकीवर शुल्क भरून आणि रांगेत उभे राहून मिळतात. गुणपत्रक, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र यांवर त्याचा हक्क असतो आणि कार्यालयाने उशीर केला तरी नकार देता येत नाही. मार्गदर्शकाचे शिफारसपत्र मात्र हक्काने मागता येत नाही. ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली प्रबंध लिहिला त्याने नोकरी देणाऱ्या संस्थेला उद्देशून, संबंधित उमेदवाराचे काम आपण किती काळ व कसे पाहिले आणि ते कोणत्या प्रतीचे आहे, याविषयी दिलेली लेखी साक्ष म्हणजे शिफारसपत्र, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. साक्ष देणारा ती देण्यास मोकळा असला पाहिजे आणि न देण्यासही. पण आपल्याकडे ही मोकळीक दोन्ही बाजूंना फारशी ठाऊक नसते, आणि पत्र मागण्याच्या व्यवहारातील बहुतेक अवघडलेपण तेथूनच सुरू होते.

प्रस्तुत विवेचनाला जो अनुभव आधारभूत आहे तो जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी या गावचा आहे. सोलापूर जिल्ह्यात पुणे महामार्गावर याच नावाचे अधिक प्रसिद्ध गाव असल्यामुळे येथील उमेदवाराला पत्त्यात तालुका व जिल्हा ठळकपणे लिहावा लागतो, आणि तरीही मुलाखतीत ‘म्हणजे सोलापूरकडचे का?’ हा प्रश्न चुकत नाही. जालना हा जिल्हाच मुळी 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. मराठवाड्यातील महाविद्यालये दीर्घकाळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती आणि या भागाला स्वतःचे विद्यापीठ 1958 मध्ये मिळाले, ज्याचे 1994 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे नामांतर झाले. या तारखा येथे सांगण्याचे कारण एवढेच, की टेंभुर्णीसारख्या गावातून विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्यांमध्ये अनेकांच्या घरात त्याआधी कोणी नोकरीचा अर्जही लिहिलेला नसतो, मग शिफारसपत्र कसे असते, ते कोणी मागायचे, कोणत्या भाषेत मागायचे, हे घरी विचारून कळण्याचा प्रश्नच येत नाही.

घरी जे कळते ते वेगळेच असते. पीएच.डी. झाली असे समजताच वडीलधारी मंडळी सांगतात, ‘सरांना म्हणावं, जरा शब्द टाका.’ शब्द टाकणे म्हणजे ओळखीच्या, वजनदार माणसाने दुसऱ्या वजनदार माणसाच्या कानावर एखाद्याचे नाव घालणे. त्यात उमेदवाराच्या कामाविषयी काही बोलले जातेच असे नाही. बोलणाऱ्याचे वजन पुरते, आणि पुढे कोणी विचारले तर मागे कागद राहत नाही. आमदारांची चिठ्ठी, संस्थाचालकांना केलेला फोन आणि मार्गदर्शकाचे पत्र हे तिन्ही गावाच्या दृष्टीने एकाच पोत्यातले असतात. या समजुतीला केवळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही, कारण शब्द टाकण्याने कित्येकांची आयुष्ये खरोखर उभी राहिली आहेत. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकाने तरुण भीमराव आंबेडकरांविषयी महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, त्यातून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी.ए.पर्यंतचे शिक्षण पार पडले. केळुस्करांनी हे केले नसते तर पुढील इतिहासाचे काय झाले असते, याचा विचार मराठवाड्यातील विद्यार्थ्याने तरी करायलाच हवा.

परंतु त्याच चरित्रात दुसऱ्या प्रकारच्या शिफारशीचेही दाखले आहेत आणि त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोव्हेंबर 1918 पासून प्राध्यापकी करून पैसे साठवल्यावर आंबेडकर 1920 मध्ये पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी लंडनचे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे जाणकार होते, विद्यार्थ्याचे काम त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते, आणि ज्यांना पत्र लिहायचे तेही त्याच विद्येचे होते. म्हणजे येथे वजन होते ते पाहिलेल्या कामाचे. याहून बोलका दाखला लंडनमधील मार्गदर्शक एडविन कॅनन यांचा आहे. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 मध्ये निघाला, त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात लेखकाच्या बऱ्याच मतांशी आपण सहमत नाही हे स्पष्टपणे सांगून त्याच्या विचारांतील ताजेपणाची दाद दिली. मतभेद लपवून केलेल्या स्तुतीपेक्षा ही दाद अधिक विश्वसनीय ठरते, कारण वाचणाऱ्याला कळते की लिहिणारा भिडेखातर लिहीत नाही. विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या पायऱ्या चढून येतात त्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांना मिळालेली ही प्रस्तावना शिफारसपत्राचा वस्तुपाठ म्हणून तेथे शिकवली जात नाही, याचे नवल वाटते.

प्रत्यक्षातील पत्राकडे येण्यापूर्वी तीन कागदांमधील फरक नोंदवणे आवश्यक आहे, कारण गोंधळ येथेच होतो. बोनाफाईड किंवा चारित्र्य प्रमाणपत्र उमेदवार अमुक काळात संस्थेचा विद्यार्थी होता आणि त्याची वर्तणूक चांगली होती एवढेच सांगते. अनुभव प्रमाणपत्र त्याने कोणत्या पदावर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले ते सांगते. शिफारसपत्र तो काम कसे करतो ते सांगते. पहिले दोन कागद जावक क्रमांक घालून लिपिक तयार करू शकतो, तिसरा नाही; तरीही विभागाच्या संगणकावर ‘टू हूम सोएव्हर इट मे कन्सर्न’ अशा मथळ्याची एक फाईल ठेवलेली असते आणि नाव, विषय व वर्ष बदलून तीच प्रत सर्वांना दिली जाते.

प्रस्तुत लेखकाचे संशोधन जाफराबाद तालुक्यातील करारपद्धतीच्या बीजोत्पादनाच्या अर्थकारणावर होते. बीजोत्पादन म्हणजे कंपनीने दिलेल्या मूळ बियाण्यापासून शेतकऱ्याने शेडनेटमध्ये नर व मादी वाणाची झाडे लावायची, हाताने परागीकरण, म्हणजे गावच्या भाषेत क्रॉसिंग, करून संकरित बियाणे तयार करायचे आणि ते ठरलेल्या दराने कंपनीलाच द्यायचे. पैसे लगेच मिळत नाहीत. उगवणक्षमता व वाणाची शुद्धता तपासली जाते आणि सॅम्पल पास झाले तरच हिशेब होतो, फेल झाले तर हंगामभराची मजुरी अंगावर येते. महिकोची स्थापना 1964 मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी जालन्यात केली तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांच्या उद्योगाचे ठिकाण झाला आहे, त्यामुळे असे संशोधन केलेल्याला दोन दिशांना नोकरी शोधता येते: एक महाविद्यालयात, दुसरी बियाणे कंपनीत किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पात. या दोन्ही दिशांना शिफारसपत्राचे स्थान पूर्णपणे भिन्न आहे, हे अर्ज करू लागल्यावरच उमजले.

पत्र मागण्याची वेळ आणि जागा हा वरवर किरकोळ वाटणारा, पण प्रत्यक्षात फार त्रास देणारा भाग आहे. विद्यापीठात मार्गदर्शक भेटतात ते बहुधा विभागाच्या व्हरांड्यात, दोन तासांच्या मध्ये, चार माणसांसमोर; सही हवी असलेली मुले बाजूला उभी असतात आणि अशा वेळी ‘सर, एक काम होतं’ एवढेच तोंडातून निघते. हे वाक्य मराठी विद्यार्थ्याने शतकभर वापरले असावे. त्यातून ऐकणाऱ्याला काम कोणते, कशासाठी, कधीपर्यंत, यांपैकी काहीच कळत नाही, आणि म्हणून उत्तरही ठरलेले मिळते: ‘बघू, तू मसुदा टाईप करून आण, सही करतो.’ हे उत्तर देणारा माणूस निष्काळजी असतोच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहाय्यक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात; त्यांच्या सहामाही अहवालांपासून परीक्षा, मूल्यांकन व समित्यांपर्यंतचा भार पाहिला तर स्वतः बसून पत्र लिहायला त्याला वेळ मिळत नाही हे खरे आहे.

मात्र ‘मसुदा करून आण’ या सोयीच्या वाक्याने विद्यार्थ्यावर एक चमत्कारिक काम येते. त्याला स्वतःविषयी, पण दुसऱ्याच्या आवाजात, स्तुती लिहायची असते. लहानपणापासून आत्मस्तुती हा दुर्गुण म्हणून शिकवला गेलेला मुलगा या ठिकाणी अडखळतो आणि मग त्याला ज्या एका अर्जाची भाषा पाठ असते तिच्याकडे वळतो, तो म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज. ‘सदर विद्यार्थी होतकरू, गरजू, विनम्र व आज्ञाधारक असून त्याची घरची परिस्थिती हलाखीची आहे’ हे वाक्य समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी, फीमाफीसाठी, कर्जासाठी त्याने इतक्या वेळा लिहिलेले असते की नोकरीच्या पत्रातही ते आपोआप उतरते. मार्गदर्शक सही करतात, कारण त्यात खोटे काहीच नसते. परंतु नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची गरज नको असते, त्याचे काम हवे असते; आणि ‘आज्ञाधारक’ हे विशेषण संशोधकाच्या पत्रात वाचणाऱ्याला तर हा माणूस स्वतः विचार करत नसावा अशी शंका येऊ शकते.

ही गोष्ट केवळ कागदावर राहत नाही. खासगी कंपन्या नेमणुकीपूर्वी संदर्भ व्यक्तीला फोन करतात. अर्जात ज्यांची नावे आपल्याविषयी विचारणा करण्यासाठी दिलेली असतात त्यांना संदर्भ व्यक्ती म्हणतात. एका कंपनीतून असा फोन प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शकांना गेला, आणि शेतकऱ्यांच्या नोंदी तपासण्याची याची पद्धत कशी आहे या प्रश्नाला त्यांनी अत्यंत मायेने उत्तर दिले की मुलगा फार चांगला आहे, गरिबीतून वर आला आहे, त्याचे काम व्हायला पाहिजे. त्यांनी स्वतःच हे नंतर सांगितले आणि आपण चांगले बोललो याचे त्यांना समाधान होते. नोकरी मिळाली नाही याचे कारण हेच होते असे म्हणण्यास काही आधार नाही. मात्र प्रश्न नोंदींविषयी होता आणि उत्तर परिस्थितीविषयी गेले. याला मार्गदर्शकांचा दोष म्हणता येणार नाही, कारण नोंदींविषयी विचारणा होईल हे त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या पत्राच्या वेळी मागण्याची रीत बदलावी लागली. व्हरांड्याऐवजी वेळ ठरवून भेट, जाहिरातीची प्रत, अर्जाची शेवटची तारीख, प्रबंधाचा एका पानाचा सारांश, आणि मार्गदर्शकांनी स्वतः पाहिलेल्या कामांची आठवण करून देणारे एक टिपण, एवढे साहित्य समोर ठेवले गेले. त्या टिपणात विशेषणे नव्हती. मार्गदर्शक एकदा टेंभुर्णीच्या शिवारात आले होते. तेव्हा त्यांनी शेडनेटमध्ये बसून शेतकऱ्याच्या वहीतील मजुरीच्या नोंदी आणि कंपनीच्या पावत्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम पाहिले होते, आणि दोन्हींचा मेळ बसत नसलेली कुटुंबे प्रबंधातून गाळण्याऐवजी त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे की नाही यावर वाद झाला होता. विनंतीही वेगळ्या शब्दांत केली गेली: ‘सर, या कामाबद्दल तुम्हाला मनापासून लिहिता येईल का? नसेल तर स्पष्ट सांगा, मी दुसऱ्यांना विचारीन.’ हे वाक्य उच्चारणे अवघड असते, कारण गुरूला नकाराची वाट दाखवणे उद्धटपणाचे वाटते. ऐकणाऱ्याला मात्र ते मोकळे करते.

मार्गदर्शकांनी त्या मोकळिकीचा उपयोग खरोखरच केला. शेतातील कामाविषयी लिहीन, त्या वादाविषयीही लिहीन, म्हणाले. पण टिपणातील अध्यापनाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘तुझा तास मी कधी ऐकलेला नाही. त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते प्राचार्यांकडून घे.’ क्षणभर हा नकार लागतो. विचार करता असे दिसते की त्या पत्रातील उरलेल्या प्रत्येक वाक्याला किंमत आली ती या नकारामुळे, कारण न पाहिलेले लिहिणार नाही असे म्हणणाऱ्या माणसाने लिहिलेले सारे पाहिलेले असते. पत्र त्यांनी स्वतः लिहिले, ते पानभरही नव्हते, आणि त्यात एक वाक्य असे होते की संशोधकाचा संख्याशास्त्राचा पाया सुरुवातीला कच्चा होता व त्याने तो पुढे भरून काढला. मसुदा विद्यार्थ्याने केला असता तर हे वाक्य त्यात येणे अशक्य होते.

महाविद्यालयीन नोकरीच्या दिशेने मात्र या पत्राला फारसे काम नाही, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. सहाय्यक प्राध्यापकाच्या निवडीसाठी आयोगाच्या 2018 च्या विनियमांतील गुणतक्ता वापरून उमेदवारांची छाननी होते. महाविद्यालयांसाठीच्या त्या तक्त्यात पीएच.डी.ला 25 गुण आहेत, शोधनिबंधाला प्रत्येकी 2 व जास्तीत जास्त 6, अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2 व जास्तीत जास्त 10, सेटला 5 आणि नेटला 8. शिफारसपत्राला त्यात जागा नाही. छाननीनंतर निवड मुलाखतीवर होते. अर्जात दोन संदर्भ व्यक्तींची नावे बहुधा मागितली जातात, पण त्यांना कोणी फोन केल्याचे क्वचितच ऐकू येते. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणाऱ्या नेमणुकीवर, वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला अनुभव प्रमाणपत्राची चिंता अधिक असते आणि ती रास्त आहे. जेथे संस्थेला उमेदवाराच्या कामाऐवजी त्याची देण्याची ऐपत जाणून घ्यायची असते तेथे तर सेलिग्मन यांचे पत्रही निरुपयोगी ठरेल.

कंपनी, संशोधन संस्था आणि परदेशातील संशोधनवृत्ती येथे गणित उलटे होते. अनेक ठिकाणी उमेदवाराने पत्र आणून द्यायचेच नसते. तो फक्त मार्गदर्शकांचा पत्ता देतो, दुवा त्यांच्या मेलवर जातो आणि पत्र तिकडूनच परस्पर चढवले जाते. मेल संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरच हवा असा आग्रह असतो, आणि आपल्याकडील अनेक प्राध्यापक तो पत्ता कधी उघडतच नाहीत, म्हणून दुवा गेला की फोन करून सांगणे भाग असते. गुप्ततेचा मुद्दाही येथे येतो. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहण्याचा अधिकार दिला, त्यामुळे तेथील अर्जांत शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडत आहात का असा रकाना असतो, आणि सहसा तो हक्क सोडला जातो, कारण उमेदवाराने न वाचलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा भरवसा अधिक बसतो. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने 1994 मध्ये एका विमा कंपनीच्या खटल्यात असा निर्णय दिला की माजी कर्मचाऱ्याविषयी निष्काळजीपणे संदर्भ देणारा मालक त्या कर्मचाऱ्याच्या नुकसानीला जबाबदार ठरू शकतो. जेथे पत्राला इतके गंभीरपणे घेतले जाते तेथे विद्यार्थ्याने टाईप केलेला आणि मार्गदर्शकाने न वाचता सही केलेला मजकूर पाठवणे दोघांसाठीही धोक्याचे आहे.

संशोधक मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते, ती अशी की त्यांच्या पत्रांत ‘सुस्वभावी’, ‘मनमिळाऊ’ आणि ‘घर सांभाळून शिक्षण पूर्ण केले’ ही वाक्ये हमखास येतात. लिहिणाऱ्याचा हेतू कौतुकाचा असतो, परंतु ज्या मुलीने उन्हाळ्यात गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या तिच्या पत्रात त्या मुलाखतींना एक ओळ मिळू नये आणि स्वयंपाकघराला मिळावी, हे कौतुक तिच्या काही कामाचे नाही.

म्हणून जाफराबाद, भोकरदन, मंठा अशा तालुक्यांतून आलेल्या मुलामुलींना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. पत्र लांबलचक नसले तरी चालेल, इंग्रजी साधे असले तरी चालेल. विद्यार्थ्याकडून टिपण जरूर मागवावे, मसुदा मागवू नये, आणि पत्रात स्वतः पाहिलेली निदान एक गोष्ट तिच्या तपशिलासह लिहावी. जे पाहिले नाही त्याला नाही म्हणावे, विद्यार्थी समजून घेतील. त्याच्या घरच्या परिस्थितीचा उल्लेख शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी राखून ठेवावा.